त्वचा, सांधे आणि शरीराचा जमाखर्च

दिल्लीचा हिवाळा कोरडा असतो. नवी दिल्ली स्थानकाला लागून असलेल्या पहाडगंजच्या अरुंद गल्ल्यांत पौष महिन्यातले ऊन जेमतेम घटका-दोन घटका उतरते आणि पुन्हा गच्चीवर चढून जाते. नोकरीधंद्यानिमित्त उत्तरेत आलेली मराठी कुटुंबे या भागाला अपरिचित नाहीत. नूतन मराठी शाळा येथेच आहे. अशा वस्तीत, अशा ऋतूत, काही माणसांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि केसांखालच्या त्वचेवर तांबूस चट्टे अधिकच फुलून येतात. त्यांवर चांदीच्या वर्खासारख्या खपल्या धरतात. मग भर दुपारीही पूर्ण बाह्यांचा सदरा अंगावर राहतो, लग्नकार्याला जाणे टळते आणि शेजारी दबक्या आवाजात कुष्ठरोगाचे नाव घेऊ लागतात.

हा रोग म्हणजे सोरायसिस. त्याचा कुष्ठरोगाशी कोणताही संबंध नाही. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांनी १८४१ मध्येच हे दोन रोग निःसंदिग्धपणे वेगळे केले. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, एका अंथरुणावर निजल्यानेही पसरत नाही. वैद्यकाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी निकालात काढलेली शंका गल्लीबोळांत मात्र अजून जिवंत आहे, हे रोग्याचे दुर्दैव होय.

या रोगात शरीरात घडते तरी काय? निरोगी त्वचेत तळाशी जन्मलेली पेशी पृष्ठभागावर येऊन झडून जाण्यास सुमारे २८ दिवस लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशी पक्व होण्यापूर्वीच वर येतात आणि त्यांचे थर साचतात. एवढ्या वेगाने नव्या पेशी घडवायच्या, तर कच्चा मालही तितक्याच वेगाने लागणार. शरीरात पदार्थांची जी अखंड घडामोड चालते तिला चयापचय म्हणतात. या चयापचयाकडे, म्हणजे शरीराच्या जमाखर्चाकडे, संशोधकांचे लक्ष गेले ते स्वाभाविकच होते.

या रोगावरील एका प्रमुख औषधाचा धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत आली. कापडगिरण्यांच्या कामगारवर्गातील गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या तीव्र पंडुरोगाचा तिने हाफकिन संस्थेत अभ्यास केला. निकृष्ट आहार हे त्याचे मूळ असावे असे तिला दिसले, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने या स्त्रिया सुधारतात हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ज्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले ते. नवी पेशी घडताना तिच्या केंद्रातील द्रव्य तयार होण्यास ते आवश्यक असते.

१९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत हे आम्ल कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. पाठोपाठ तेथेच फोलिक आम्लाची जागा अडवून पेशींची वाढ रोखणारे ॲमिनॉप्टेरिन सिद्ध झाले, आणि १९४८ मध्ये ते रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त बालकांवर उपयोगी पडले. १९५१ मध्ये गुब्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध सांधेदाहाच्या रोग्यांना देऊन पाहिले, तेव्हा ज्यांना सोरायसिसही होता त्यांची त्वचा स्वच्छ झाल्याचे आढळले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट पुढे प्रचारात आले. गिरणी कामगार स्त्रीला जे द्रव्य पुरवावे लागले, त्याच द्रव्याची वाट अडवून येथे आराम मिळाला.

चयापचयाच्या शोधात चुकीच्या वाटाही आल्या. स्वतः सोरायसिसने पीडित असलेले जर्मन रसायनज्ञ श्वेकेंडीक यांनी १९५९ मध्ये असे मांडले की, पेशीतील इंधनचक्रात फ्युमॅरिक आम्ल कमी पडल्याने हा रोग होतो. ती उपपत्ती टिकली नाही. परंतु त्या आम्लाची संयुगे गुणकारी ठरली आणि १९९४ मध्ये जर्मनीत त्यांना मान्यता मिळाली. गुण आला म्हणून कारण सिद्ध होत नाही, हा धडा कोणत्याही चिकित्सापद्धतीने ध्यानी ठेवावा असा आहे.

आज हे स्पष्ट झाले आहे की, पेशींच्या या घाईमागे शरीराच्या संरक्षक यंत्रणेचा क्षोभ असतो. तो क्षोभ त्वचेपुरता राहत नाही. सोरायसिस असणाऱ्यांत स्थूलता, मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात. पोटाभोवतीची चरबी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते, आणि स्थूल रोग्याने वजन उतरवले तर चट्टेही कमी होतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. भारतीयांत मधुमेह तुलनेने कमी वजनावरही जडतो. म्हणून कमरेचे माप, साखर आणि रक्तदाब यांची तपासणी या रोग्यांनी आवर्जून करून घ्यावी.

तोच क्षोभ सांध्यांतही उतरू शकतो. निरनिराळ्या पाहण्यांत शंभरांतील वीस-तीस रोग्यांपर्यंत हे प्रमाण आढळले आहे. बहुधा त्वचा आधी बिघडते आणि सांधे काही वर्षांनी. सकाळी उठल्यावर अर्धा तास वा अधिक टिकणारा आखडलेपणा, सबंध बोट सुजणे, टाचेमागे दुखणे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडणे ही त्याची चिन्हे होत. संधिवातासाठी रक्ताची जी नेहमीची चाचणी करतात ती येथे बहुधा निर्दोष निघते, आणि रोगी निर्धास्त होतो. वास्तविक उशीर झाल्यास सांध्याची हाडे झिजतात व ती हानी भरून येत नाही. डॉक्टरांना गुडघा दाखवताना कोपरावरचा चट्टा झाकून ठेवणे म्हणूनच महागात पडते.

मेथोट्रेक्सेटविषयी एक इशारा विसरून चालणार नाही. या रोगात ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. ठरलेला वार घरातील दुसऱ्या माणसालाही ठाऊक असावा. गरोदरपणात ते वर्ज्य आहे, मद्यपान टाळावे लागते, आणि रक्ताची व यकृताची तपासणी वेळोवेळी करावी लागते. सोबत फोलिक आम्लाची गोळी दिली जाते, ती डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच घ्यावी. जाहिरात वाचून आणलेल्या अनोळखी पुड्यांत तीव्र स्टेरॉइड असू शकते; त्याने त्वचा आठवड्यात उजळते, आणि ते थांबताच रोग दुप्पट जोराने उसळू शकतो.

सोरायसिस समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप नाही. तो आटोक्यात ठेवण्याची साधने मात्र पुष्कळ आहेत. पहाडगंजलगतच, मुख्यतः स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी १९१६ मध्ये उघडलेले लेडी हार्डिंग महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. तेथे किंवा अन्य कोणत्याही चांगल्या रुग्णालयात जाताना रोग्याने त्वचा, नखे आणि सांधे ही तिन्ही एकाच भेटीत दाखवावीत. शेजाऱ्यांनी त्याच्याशी हात मिळवण्यास कचरू नये.