रोबोटचा गुडघा



कबड्डी खेळताना गुडघा पिरगळला, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि थोड्याच वेळात सूज चढली, की डॉक्टरांना पहिली शंका येते ती एसीएलची. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारं हे लिगामेंट. ते तुटलंय का, हे हातानं ओळखायची तपासणी म्हणजे लॅकमन टेस्ट. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या डॉ. जॉन लॅकमन यांचं नाव तिला मिळालं. १९७६ साली ती छापून आली. गुडघा २० ते ३० अंश वाकवायचा, एका हातानं मांडी घट्ट धरायची आणि दुसऱ्यानं नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी जराशी सरकून खटकन थांबते. तुटलेलं असेल तर तो थांबा लागतच नाही. फरक असतो काही मिलिमीटरचा!

हा थांबा पुस्तकातून कळत नाही, हाताला लागावा लागतो. मग वॉर्डात एकच दुखरा पाय चार विद्यार्थी ओढतात. रुग्ण कळवळून मांडी आवळतो, आणि मांडी आवळली की तपासणी फसते. त्याला यातना होतात आणि शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. हे मला अजिबात पटत नाही.

म्युनिकमध्ये रॉबर्ट रीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंजिनिअर आणि हाडांचे डॉक्टर मिळून, यावर एक यंत्र उभं केलं. २००४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. कृत्रिम पाय रोबोटला जोडलेला. तुम्ही तो ओढलात की सेन्सर जोर मोजतात, संगणक गुडघ्याचं गणित मांडतो आणि रोबोट पाय तेवढाच हलवतो. पडद्यावर गुडघ्याचं अंतरंग दिसतं; ओढ जास्त झाली तर ‘रुग्ण’ ओरडतोसुद्धा. खरं कसब स्पर्शाचं आहे. डोळ्यांना सेकंदाला तीसेक चित्रं पुरतात, पण हाताला घट्टपणा खरा वाटावा म्हणून यंत्राला सेकंदाला हजारेक वेळा हिशेब करावा लागतो. आणि हवं तेव्हा लिगामेंट ‘तोडून’ पुन्हा ‘जोडता’ येतं.

आपल्याकडे एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमानं स्किल लॅब सक्तीची केली. तिथे असा पाय यायला हवा. घाबरलेल्या माणसाशी बोलून त्याची मांडी सैल करणं, आधी त्याचा चांगला पाय तपासून घेणं, हे वॉर्डातच शिकायचं. पण तिथे जाण्याआधी विद्यार्थ्याच्या हाताला तो थांबा ओळखीचा झालेला असावा, एवढंच माझं मागणं आहे.