शेकडा कशाचा?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज घोषणा नाहीत, आज गणित करायचं आहे. पाटी-पेन्सिल नसली तरी चालेल, बिडीच्या बंडलाचा कागद पुरे.

मागे एका गावात एका कास्तकाराच्या घरी कापसाची पट्टी पाहिली. माल १० क्विंटल, भाव ७,००० रुपये. ७०,००० यायला हवे होते, हातात पडले ६७,२२८. कटती किती विचारलं तर म्हणाला, "दोन टक्के." दोन टक्क्यांचे १,४०० होतात. इथं तर २,७७२ गेले होते. पट्टी नीट वाचली तेव्हा कळलं. आधी वजनात दोन टक्के घट धरली, १० क्विंटलचे ९ क्विंटल ८० किलो केले. त्याचे झाले ६८,६००. मग रोखीचे पैसे म्हणून त्या रकमेतून पुन्हा दोन टक्के, म्हणजे १,३७२ रुपये. व्यापारी खोटं बोलला नाही. तो दोन टक्केच म्हणाला. एकदा काट्यावर कापले, एकदा गल्ल्यावर. घरात बारावीचा मुलगा होता, शेकडेवारीची उदाहरणं त्याला तोंडपाठ. पण बापाची पट्टी त्याच्यापुढे कोणी ठेवलीच नव्हती.

टक्का काढायला शाळा लागत नाही. रकमेचे शंभर भाग करा, एक भाग म्हणजे एक टक्का. ७,००० चा एक टक्का ७०. तीन टक्के हवे असतील तर तीन सत्ते एकवीस, २१०. हे सगळ्यांना जमतं. फसतो तो दुसऱ्याच जागी. टक्का नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो, आणि कशाचा ते समोरचा सांगत नाही.

आता ओलाव्याचं घ्या. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव. त्यावर दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. समजा तुमचा कापूस १२ टक्क्यांचा आहे. चार टक्के कपात म्हणजे ३२४ रुपये ४० पैसे, क्विंटलला हातात आले ७,७८५ रुपये ६० पैसे. घरची मंडळी म्हणतील, चार दिवस वाळवू, ३२४ रुपये वाचतील. वाचतील का? एका क्विंटलात १२ किलो पाणी, ८८ किलो कोरडा माल. वाळवून ओलावा ८ वर आला, म्हणजे हेच ८८ किलो आता शंभरातले ९२ झाले. ८८ भागिले ९२ गुणिले १००, वजन भरलं ९५ किलो ६५० ग्रॅम. चार किलो गेले असं वाटतं, खरे गेले ४ किलो ३५० ग्रॅम. त्याचे पैसे झाले ७,७५७. म्हणजे वाळवून, राखण करून, बायकांची मजुरी घालून क्विंटलमागे २८ रुपये उलट कमीच आले.

इथं कपातीचा हिशेब आपल्या बाजूनं झुकला, तेही कबूल केलं पाहिजे. नाहीतर दर वेळी लूट लूट ओरडायची सवय लागते आणि खरी लूट असते तिथं कोणी ऐकत नाही. माल १४ टक्क्यांचा असेल तर मात्र वाळवावाच लागेल, नाहीतर गाडी परत येईल. अगदी १२ वर भरवसा ठेवून निघू नका. पहाटेचं दव गाडीवर पडतंच.

व्याजाचं थोडक्यात सांगतो. सावकार म्हणतो, शेकडा पाच. वर्षाचे नव्हेत, महिन्याचे. सहा महिन्यांसाठी १०,००० घेतले की ३,००० आधीच कापून ७,००० हातात देतो आणि दिवाळीनंतर १०,००० मागतो. हे ३,००० दहा हजारांवरचं व्याज नाही. तुम्ही वापरले सात हजार. सात हजारांवर सहा महिन्यांत ३,००० म्हणजे जवळजवळ ४३ टक्के, वर्षाचे ८६ च्या घरात. बँकेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, आणि मुदतीत भरलं की ३ टक्क्यांची सूट. लोक म्हणतात, तीनच टक्के ना! लाखाला ७,००० ऐवजी ४,००० भरायचे. व्याजाची रक्कमच शेकडा ४३ नं कमी झाली. तारीख चुकवू नका.

२०२२ च्या उन्हाळ्यात कापूस १२,००० च्या वर गेला होता. पुढच्या वर्षी ८,००० च्या आसपास आला. पडला ३३ टक्के. आता कोणी म्हणालं की भाव ३३ टक्के वाढेल आणि होतं तिथं येईल, तर त्याला कागद द्या. ८,००० वर ३३ टक्के म्हणजे १०,६४०. बारा हजारांना परत जायला ५० टक्के वाढ लागते. पडताना टक्का मोठ्या आकड्याचा असतो, चढताना लहान आकड्याचा.

आणि आता पन्नास टक्के. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगानं २००६ मध्ये उत्पादनखर्चाच्या वर ५० टक्के धरून हमीभाव द्यावा असं सुचवलं. २०१८ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट भाव जाहीर झाला. २०२५-२६ मध्ये सरकारी हिशेबात मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च ५,१४० रुपये, हमीभाव ७,७१०. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६, भाव ३,६९९. गुणाकार करून पाहा, दीडपट बरोबर आहे. पैशाची चूक नाही.

मग भांडण कशाचं? त्या ५,१४० मध्ये बी, खत, औषध, मजुरी आणि घरच्या माणसांची मजुरी धरलेली आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलावरचं व्याज धरलेलं नाही. ते धरलं तर त्याला सी-दोन खर्च म्हणतात. समजा, हिशेबापुरतं, ते १,५०० निघाले. खर्च झाला ६,६४०, दीडपट ९,९६०. टक्के तेच पन्नास, फरक क्विंटलला २,२५० रुपये. दिल्लीचा माणूस पन्नास म्हणतो, आपणही पन्नास म्हणतो, आणि दोघंही खरं बोलतात. म्हणून सभेत कोणी "दीडपट दिला" म्हणालं की "नाही दिला" असं ओरडू नका. एवढंच विचारा, कोणत्या खर्चाच्या दीडपट?

पुढच्या बैठकीला येताना आपापली पट्टी, सोसायटीचा कर्जाचा उतारा आणि बियाण्याची पावती घेऊन या. नावं झाकून आणली तरी चालेल. फळ्यावर एकेक सोडवू. बारावीची पोरं असतील तर त्यांनाही आणा, खडू त्यांच्या हातात देऊ.