सामायिक कोडचा सर्व्हर : देखभाल आणि दप्तर

एकाच प्रोग्रॅमवर अनेक जण काम करत असले की दोन हिशेब ठेवावे लागतात. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली हा पहिला. ती का बदलली आणि कोणाच्या संमतीने बदलली हा दुसरा. पहिला हिशेब गिट हे सॉफ्टवेअर ठेवते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ते २००५ मध्ये लिहिले. दुसऱ्या हिशेबासाठी गिटच्या भोवती एक व्यासपीठ उभारावे लागते. तिथे चुकांच्या तक्रारी नोंदवता येतात, सुचवलेला बदल तपासून स्वीकारता किंवा परत पाठवता येतो आणि कोणाला काय करण्याचा अधिकार आहे हे ठरवून ठेवता येते. गिटहब हे अशा व्यासपीठांपैकी सर्वांत परिचित नाव. पण असे व्यासपीठ एखाद्या संस्थेला स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येते.

हा मार्ग अनेकांनी निवडला आहे. गूगल कोड ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली आणि तिथल्या प्रकल्पांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे झाले. आपल्या कामाची जागा आपल्याच हाती असावी, ही इच्छा अशा घटनांनी बळावली. मुक्त सॉफ्टवेअरच्या डेबियन प्रकल्पाने २०१८ मध्ये आपले जुने व्यासपीठ बंद करून, गिटलॅब या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारे ‘साल्सा’ सुरू केले. ग्नोम प्रकल्पही त्याच वर्षी स्वतःच्या गिटलॅबवर गेला आणि केडीई २०२० मध्ये गेला. शासकीय सॉफ्टवेअरचा कोड एकत्र ठेवण्यासाठी भारत सरकारने उभारलेले ‘ओपनफोर्ज’ हेही याच प्रकारचे व्यासपीठ आहे.

सॉफ्टवेअरची निवड हा देखभालीचा पहिला निर्णय असतो. गिटलॅबमध्ये सोयी पुष्कळ आहेत, पण त्याचे सुटे भागही पुष्कळ आहेत आणि त्याला मेमरी भरपूर लागते. फोर्जेयो हा त्यामानाने हलका पर्याय. गॉग्ज या प्रकल्पातून २०१६ मध्ये गिटी निघाले आणि गिटीतून २०२२ मध्ये फोर्जेयो. बर्लिनची कोडबर्ग ही ना-नफा संस्था त्याच्या मागे उभी आहे. फोर्जेयो एकाच प्रोग्रॅममध्ये सामावलेले असल्याने लहान सर्व्हरवरही ते नीट चालते. पाच-दहा जणांच्या गटाने सर्वांत मोठे सॉफ्टवेअर घेतले, तर कोड लिहिण्यापेक्षा सर्व्हर सांभाळण्यातच त्यांचा वेळ जातो.

सर्व्हरवर मुख्यतः चार प्रकारचा ऐवज असतो. पहिला, रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास. दुसरा, डेटाबेस. तक्रारी, चर्चा, सभासदांची खाती आणि अधिकार त्यात असतात. तिसरा, सभासदांनी जोडलेल्या फायली. चौथा, सर्व्हरची मांडणी सांगणाऱ्या फायली आणि गुप्त किल्ल्या. या चार प्रकारांत सर्वांत सुरक्षित कोडच असतो, कारण गिटमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर साधारणपणे रिपॉझिटरीची पूर्ण प्रत असते. सर्व्हर जळाला तरी कोड बहुधा परत मिळतो. चर्चा आणि अधिकार यांच्या प्रती मात्र कोणाकडेच नसतात. म्हणून देखभालीचे खरे लक्ष्य कोडच्या भोवतालचा हा ऐवज असतो.

गिटलॅब कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ३१ जानेवारी २०१७ रोजी जे घडले, त्यातून हे स्पष्ट दिसते. डेटाबेसवरचा ताण त्या दिवशी वाढला होता आणि मुख्य डेटाबेसची दुय्यम प्रत मागे पडली होती. ती नव्याने तयार करण्यासाठी एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसायचा आदेश दिला, पण तो मुख्य सर्व्हरवर गेला. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे ३०० जीबी माहितीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरली होती.

त्यानंतर बॅकअप शोधायला सुरुवात झाली. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने अपयशी ठरत होता. त्या अपयशाची सूचना देणारे ईमेल पोचण्याआधीच नाकारले जात होते. डिस्कच्या प्रती घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती. अखेर कामी आली ती एक प्रत, दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी एका अभियंत्याने हाताने घेतलेली. ती परत बसवायला अठरा तासांच्या आसपास लागले. मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्पांचे तपशील, तेवढ्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली. रिपॉझिटरींना मात्र धक्का लागला नाही. कंपनीने हा सारा प्रकार, कारणांसह, जाहीरपणे लिहून काढला. म्हणूनच आज इतरांना त्यातून शिकता येते.

या घटनेतून बॅकअपचे नियम सरळ निघतात. प्रत घेतली एवढ्यावर थांबता येत नाही, ती वेगळ्या संगणकावर उतरवून व्यासपीठ प्रत्यक्ष सुरू होते का, हे ठराविक काळाने पाहावे लागते. अशा रंगीत तालमीला लागलेला वेळ लिहून ठेवला, तर खऱ्या अपघातात सभासदांना नेमके काय सांगायचे ते कळते. एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या यंत्रणेत ठेवावी लागते. बॅकअप फसल्याचा ईमेल कधी आला नाही, म्हणजे बॅकअप झाला, असे धरता येत नाही. झालेल्या प्रतीची तारीख आणि आकार रोज तपासावा लागतो. आणि मुख्य सर्व्हर कोणता, चाचणीचा कोणता, हे आदेश देण्याच्या जागीच ठळक दिसावे लागते.

गुप्त किल्ल्यांची काळजी वेगळी घ्यावी लागते. डेटाबेसमधली काही माहिती, उदाहरणार्थ दुहेरी पडताळणीची गुपिते, सांकेतिक रूपात साठवलेली असते. ती उलगडणारी किल्ली गिटलॅबच्या बॅकअपमध्ये मुद्दाम घातलेली नसते, कारण कुलूप आणि किल्ली एका पेटीत ठेवण्यात धोका असतो. ती फाइल स्वतंत्रपणे, सुरक्षित जागी जपावी लागते. ती हरवली, तर बॅकअप पूर्ण असूनही त्यातला हा भाग वाचता येत नाही.

अपडेट हे देखभालीचे नित्याचे काम. जानेवारी २०२४ मध्ये गिटलॅबमधला एक दोष जाहीर झाला. पासवर्ड बदलण्याचा ईमेल खातेदाराच्या नसलेल्या भलत्याच पत्त्यावरही मागवता येत होता. त्याला धोक्याच्या मोजपट्टीवर सर्वाधिक, म्हणजे १० गुण मिळाले. दुहेरी पडताळणी सुरू असलेली खाती मात्र त्याने ताब्यात घेता येत नव्हती. असा दोष जाहीर झाला की दुरुस्ती त्याच दिवशी बसवणे उत्तम, कारण घोषणा हल्लेखोरही वाचतात. मोठ्या अपडेटची पद्धत निराळी. गिटलॅबच्या खूप जुन्या आवृत्तीवरून थेट नव्यावर उडी मारता येत नाही, मधल्या काही ठरलेल्या आवृत्त्यांवर थांबत जावे लागते. त्यामुळे अपडेट जितके लांबवावे तितका प्रवास लांबतो. आधी बॅकअप, मग चाचणीच्या सर्व्हरवर अपडेट, मग सभासदांना पूर्वसूचना आणि शेवटी मुख्य सर्व्हर, असा क्रम पाळला जातो.

याशिवाय डिस्क किती भरली, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, सोडून गेलेल्या सभासदांचे अधिकार काढले का, हे पाहावे लागते. अलीकडे यात एका कामाची भर पडली आहे. कोड गोळा करणारे स्वयंचलित बॉट प्रत्येक रिपॉझिटरीचे प्रत्येक जुने पान मागत राहतात आणि सर्व्हर दमवतात. ग्नोमने २०२५ मध्ये ‘अनुबिस’ नावाचा पहारेकरी प्रोग्रॅम बसवला. तो पाहुण्याच्या ब्राउझरला एक छोटे गणित सोडवायला लावतो. एका माणसाला त्याचा त्रास नगण्य, पण लाखो पाने मागणाऱ्या बॉटला तो महाग पडतो.

ही सगळी कामे एकाच माणसाच्या डोक्यात असली, तर तो माणूस रजेवर गेला की व्यासपीठ अनाथ होते. म्हणून दप्तर हवे. त्यात चार गोष्टी असाव्या लागतात. सर्व्हर कुठे आहे, कोणती आवृत्ती, डोमेनचे पैसे कोण भरतो, ही माहिती. अपडेट, बॅकअप आणि पुनर्स्थापना यांच्या पायऱ्या, क्रमाने आणि जशाच्या तशा आदेशांसह. बदलांची रोजनिशी, म्हणजे तारीख, बदल आणि करणाऱ्याचे नाव. आणि निर्णयांची कारणे. चौथी गोष्ट बहुधा राहून जाते. एखादी सोय का बंद ठेवली हे लिहिलेले नसले, तर नवा माणूस ती सुरू करतो आणि जुनीच अडचण पुन्हा उभी राहते.

हे दप्तर केवळ त्याच व्यासपीठावर ठेवता येत नाही, कारण सर्व्हर बंद पडतो नेमक्या त्याच वेळी ते वाचायला हवे असते. त्याची प्रत दुसरीकडे, आणि अत्यावश्यक पाने कागदावरही, असावीत. पासवर्ड त्यात लिहायचे नसतात. ते कोणत्या तिजोरीत आहेत आणि ती उघडण्याचा अधिकार कोणत्या दोघांना आहे, एवढेच लिहायचे. दप्तर खरे आहे की नाही, हे तपासण्याची रीत सोपी आहे. नव्या सभासदाने कोणालाही न विचारता, केवळ लिहिलेले वाचून, चाचणीच्या सर्व्हरवर पुनर्स्थापना करावी. तो जिथे अडेल, ते वाक्य त्याच दिवशी दुरुस्त करावे.

दप्तराचे शेवटचे पान व्यासपीठ बंद करण्याचे असावे. संस्था विसर्जित होऊ शकते, पैसा संपू शकतो, सांभाळणारे उरत नाहीत. तेव्हा सभासदांना किती आधी कळवायचे, तक्रारी आणि चर्चा कोणत्या स्वरूपात बाहेर काढून द्यायच्या, जुने पत्ते किती काळ चालू ठेवायचे, हे आधीच ठरलेले असेल, तर व्यासपीठ बंद झाले तरी काम दुसऱ्या जागी चालू राहते.