माणसांवाचून काशी

जुन्या शहराच्या रस्त्याचे चित्र समोर आले की आपण आधी त्यात ओळखीच्या खुणा शोधतो. हा कळस, ही पायरी, हा वाटेत बसलेला बैल. खुणा पटल्या की ‘अगदी हुबेहूब!’ म्हणून पुढच्या चित्राकडे वळतो. एडविन लॉर्ड वीक्स या अमेरिकन चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेल्या आपल्याकडच्या रस्त्यांना ही दाद शोभते. भिंतीवरचे ऊन त्याच्याइतके कसून थोड्यांनीच रंगवले असेल. पण तिथे लक्ष माणसांच्या पेहरावावर जाते आणि शहर मागच्या पडद्यासारखे उभे राहते. शहराचे वय दाखवायचे तर कधी कधी माणसांनाच चित्राबाहेर ठेवावे लागते, असे माझे म्हणणे आहे आणि त्यासाठी मी चित्रकार रामकुमार यांच्या वाराणसीच्या चित्रांचा दाखला देणार आहे.

१९६० च्या सुमारास रामकुमार आणि आपल्या पंढरपूरचे चित्रकार हुसेन बरोबरीने काशीला गेले. तोवर रामकुमार माणसेच रंगवत होते, शहरात हरवलेली, उदास चेहऱ्यांची. जिथे पाऊल ठेवायला जागा नाही अशा काशीत मात्र त्यांच्या कॅनव्हासवरून माणूस नाहीसा झाला. उरली ती घरे, एकमेकांच्या अंगावर रेललेली, तपकिरी आणि राखाडी. दारे-खिडक्यांच्या जागी काळोखाचे तुकडे. पिढ्यान्‌पिढ्या कोणी मजला चढवला, कोणी शेजाऱ्याच्या भिंतीला आपली भिंत भिडवली. ही दाटी माणसांनीच केलेली आहे, त्यामुळे ती करणारे वेगळे दाखवण्याची गरज उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, यात्रेकरू, पंडे, विधवा, फुलवाले यांच्यावाचून कसली काशी? आक्षेप रास्त आहे. या चित्रांत काशीचा गलबला नाही, हे कबूलच करावे लागेल. पण एक यात्रेकरू रंगवला की नजर त्याच्या मागे जाते, त्याची गोष्ट सुरू होते आणि घरे पुन्हा मागे सरतात.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: रामकुमार पॅरिसला आंद्रे ल्होत आणि फेर्नां लेजे या घनवादी चित्रकारांकडे शिकले, तेव्हा घरांची ही रचलेली दाटी म्हणजे घनवादाची (क्यूबिझमची) उसनवारी झाली. शिक्षण तिथले, हे खरेच. मात्र काशीच्या गल्लीत उभे राहून पाहा. चार पावलांवर वळण येते, भिंत डोळ्यांना भिडते. लांबवर निमुळता होत गेलेला रस्ता तिथे क्वचितच दिसतो. उलट गंगेतून पाहिले तर उंच काठावरची घरे एकावर एक रचल्यासारखी दिसतात. यथार्थदर्शनाचा नियम बाजूला ठेवणे ही त्या जागेचीच मागणी होती. आपल्या लघुचित्रांतली नगरेही अशीच वर वर चढत जातात, आणि त्या चित्रकारांनी पॅरिस पाहिले नव्हते.

पुढे पुढे घरेही विरघळली आणि नुसते रंगांचे पट्टे राहिले. त्या चित्रांतून ‘वाराणसी’ हे नाव काढून घेतले तर शहर ओळखू येईल, असे मला वाटत नाही. साठच्या दशकातल्या पहिल्या चित्रांना मात्र नावाचा आधार लागत नाही.