पहारा आणि पाळत



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते गुरुजी आम्हांला शब्द तोलायला शिकवीत. आज दोनच शब्द तोलतो. पहारा घरादारावर असतो, पाळत माणसावर. पहारेकऱ्याला हाक मारता येते. पाळत ठेवणारा मात्र दिसत नाही.

आपल्या हैदराबादेत २१ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलसुखनगरला बॉम्बस्फोट झाले. त्याच वर्षी सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आला आणि गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे बसविणे व चित्रण तीस दिवस जपणे बंधनकारक झाले. त्यात गैर काय, असे मलाही वाटले. पुढे सौभाग्यवतीचे मंगळसूत्र आमच्याच जिन्यात हिसकावले गेले, तेव्हा इमारतीत कॅमेऱ्यांचा ठराव मीच मांडला.

चोर सापडला नाही. पण एका संध्याकाळी सोसायटीच्या कचेरीत चार-पाच जण पडद्याभोवती जमून वरच्या मजल्यावरील एका नोकरदार मुलीच्या येण्याजाण्याच्या वेळा मोजत होते. मीही क्षणभर थांबलो. क्षणभर कसला, हातातला चहा संपेपर्यंत! दुसऱ्या दिवशी तिने "काका, बरे आहात ना?" असे विचारले, तेव्हा मला तिच्याकडे पाहवेना.

होळकरांच्या दौलतीत 'खासगी' म्हणजे राजघराण्यातील स्त्रियांची स्वतंत्र मिळकत. थोरामोठ्यांना खासगी होती. सामान्यांच्या वाट्याला फक्त आडोसा. १९६२ साली खडकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी अवैध ठरविल्या, पण खासगीपणाला मूलभूत हक्क मानले नाही. तो हक्क २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मान्य केला. त्यावर बंधन घालायचे तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या मानाने बेताचा हवा. आमच्या कचेरीतला तो पडदा यांतल्या कोणत्या कसोटीला उतरला असता?

मी आता दुसरा ठराव दिला आहे. तक्रार नसेल तर चित्रण तीस दिवसांनी पुसावे. किल्ली दोघांकडे असावी, त्यांत एक स्त्री. आणि कोणी, केव्हा, कशासाठी पाहिले याची वहीत नोंद व्हावी. "सर, तुम्हीच तर कॅमेरे मागितले होते," असे चिटणीस म्हणाले. ते खरेच आहे. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. कॅमेरे काढा, असे मी त्यात लिहिलेले नाही. सौभाग्यवती अजूनही दिवेलागणीनंतर एकटी जिना उतरत नाही.