ओंजळ मोठी, वाट तेवढीच

संगणकासाठी मेमरी घ्यायला गेलात, की खोक्यावर एक आकडा ठळक दिसतो. ३२००, ६४००. आकडा मोठा म्हणजे माल वेगवान, असे आपण धरून चालतो. मी कवी माणूस, साधा बी.ए.; पण शब्द उलटून पाहण्याची सवय आहे. ‘वेग’ हा शब्द उलटला, तर त्याच्या पोटात दोन अर्थ निघाले.

ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. तुम्ही चिठ्ठी देता, शिपाई आत जाऊन कपाटातून पुस्तक आणतो. पुस्तक हाती पडेपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. तासाभरात किती पुस्तके आली, ती बँडविड्थ. शिपायाने एका खेपेत आठ पुस्तके उचलली, तर बँडविड्थ वाढते. पहिल्या पुस्तकाची वाट मात्र तेवढीच पाहावी लागते.

मेमरीत हेच घडले. २००३च्या सुमारास डीडीआर-४००ची एक पट्टी सेकंदाला ३.२ गिगाबाइट माहिती देई. डीडीआर-५चे मानक २०२० साली आले. त्यातली ६४००ची पट्टी ५१.२ गिगाबाइट देते. सोळा पट! पण उघडलेल्या कपाटातून पहिला दाणा हाती यायला तेव्हा दहा-पंधरा नॅनोसेकंद लागत, आजही तेवढेच लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. प्रत्येक बिट हा चिमुकल्या कपॅसिटरमधला किंचित विद्युतभार असतो. तो ओळखायला वेळ लागतोच. म्हणून कारागिरांनी खेप मोठी केली: पहिल्या डीडीआरमध्ये २ बिट, डीडीआर-३मध्ये ८, डीडीआर-५मध्ये १६.

चित्रफीत किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता यांना मोठी खेप मानवते. त्यासाठीच एचबीएम मेमरी आली. २०२२च्या एचबीएम-३ची एक चळत १०२४ वाटांनी सेकंदाला ८१९ गिगाबाइट देते. पण शब्दकोशात एका शब्दापुढे ‘पाहा’ म्हणून दुसरा शब्द दिलेला असतो, तिथे गेलो की तिसरा. पहिला सापडल्याशिवाय दुसऱ्याचा पत्ता कळत नाही. संगणकाची पुष्कळ कामे अशीच असतात. तिथे रुंद रस्ता कामाचा नाही. म्हणून तर प्रोसेसर हाताशी छोटी, चपळ कॅश ठेवतो.

खरेदी करताना सीएल हा बारीक अक्षरातला आकडाही वाचा. त्याला २०००ने गुणा आणि ठळक आकड्याने भागा. ३२०० आणि सीएल १६: उत्तर १० नॅनोसेकंद. ६४०० आणि सीएल ३२: उत्तर पुन्हा १०! खिशात हात घालण्याआधी एवढेच ठरवा, आपले काम ओझ्याचे आहे की वाट पाहण्याचे.