गोळ्या चालू आहेत, तरी थकवा का?

घरात असाल तर जरा टेकून बसा, रानात असाल तर बांधावर बसा. आज आम्ही सहाजणी मिळून हे बोलणं तयार केलंय. सहाही जणींना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. कुणाला स्टेंट बसवलाय, कुणाच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय, एकीचे ठोके अनियमित पडतात आणि बाकीच्यांना कित्येक वर्षांपासून बीपी आहे. बचत गटाच्या पैशातून घेतलेलं एकच मशीन आम्हा सगळ्यांत फिरतं.

आमच्या तक्रारी दोनच. बीपी सकाळी एक आणि दुपारी भलतंच. आणि अंगात त्राणच नाही. घरी सांगितलं की ऐकायला मिळतं, "बायकांना थकवा असायचाच." दवाखान्यात गर्दी, आपला नंबर येतो तेव्हा तीन मिनिटं मिळतात. मग बाई मनाशीच ठरवते की या गोळीनंच असं होतंय, आणि गोळी बंद करते. धोका इथंच आहे.

आधी बीपीचं बोलू. बीपी म्हणजे काही उंची नव्हे, एकदा मोजली की तेवढीच. झोपेत ते उतरतं, पहाटे उठताना चढतं, जिना चढलं, सुनेशी वाजलं, लघवी तुंबवून धरली, तरी चढतं. तेव्हा थोडं वरखाली होणं हा आजार नाही. पण ते मोजलंय कसं हे बघा. आपल्याकडं बाई घाईघाईनं येते, ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवते आणि बोलता बोलता पट्टा बांधून घेते. वर सरकवलेली बाही दंडाला आवळते आणि आकडा चुकतो. सैल बाहीचा ब्लाउज किंवा गाऊन घाला, पट्टा उघड्या दंडावर बांधा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडी न घालता गप्प बसा. हात हृदयाच्या पातळीला ठेवा, खाली उशी घेतली तरी चालेल. चहा किंवा मिसरी अर्ध्या तासात झालेली नसावी. मिसरी म्हणजे तंबाखूच, ती दाताला लावली तरी बीपी चढवते. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. घरी मोजलेलं बीपी सतत १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. एखादा आकडा वर गेला म्हणून रात्री कुणाला उठवायचं नाही. आमच्यातल्या एकीनं सुरुवातीला एका दिवसात चौदा वेळा मोजलं होतं. काळजीनं दर वेळी आकडा वाढायचा, म्हणून पुन्हा मोजायचं! आता आम्ही सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी एवढंच मोजतो, आणि तेही डॉक्टरांकडं जायच्या आधीचा आठवडाभर. ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांना मशीन कधी कधी चकवतं. त्यांनी तीनदा मोजावं आणि मधूनमधून आरोग्य केंद्रात हातानं मोजून घ्यावं.

आता एका मैत्रिणीचं सांगतो, तिच्या परवानगीनं. उन्हाळ्यात नळावर हंडा उचलताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शेजारच्या म्हणाल्या, बीपी वाढलं, अजून एक गोळी दे. घरच्यांनी गोळी काढलीसुद्धा होती. आशाताई तिथंच होत्या. त्यांनी तिला बसवून मोजलं तर वरचा आकडा १२४. उभं करून दोन मिनिटांनी मोजलं तर ९६, आणि नाडी ५० च्या खाली. म्हणजे बीपी वाढलं नव्हतं, उभं राहताच पडत होतं. त्या वेळी ती जादा गोळी पोटात गेली असती तर ती नळावरच कोसळली असती. आशाताईंनी हे आकडे वहीत लिहून दिले. डॉक्टरांनी वही पाहिली, ठोके हळू करणाऱ्या गोळीचा डोस कमी केला आणि लघवीच्या गोळीचं प्रमाण बदललं. तीन आठवड्यांत ती पुन्हा भाकरी थापायला बसली. डॉक्टर तेच होते आणि मिळालेली तीन मिनिटंही तेवढीच होती, या वेळी फक्त वही सोबत होती.

हे असं का होतं, ते आम्हाला जेवढं समजावून सांगितलं गेलं तेवढं सांगतो. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल अशा गोळ्या हृदयाचे ठोके हळू करतात. हृदयाला विसावा मिळतो, पण सुरुवातीला अंग जड वाटतं, हातपाय गार पडतात. पुष्कळांना काही आठवड्यांत सवय होते. मात्र ही गोळी एकदम तोडली तर छातीत दुखण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. कमी करायचीच असेल तर ती डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं करायची असते. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास म्हणून गोळी बंद ठेवणाऱ्या बायका आम्हाला माहीत आहेत. देवीनं असं कधी सांगितलेलं नाही. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर विचारल्याशिवाय करूच नका.

लघवीच्या गोळीनं अंगातलं जादा पाणी जातं, त्याबरोबर क्षारही जातात. पायात गोळे येतात, गळून गेल्यासारखं होतं. त्यासाठी रक्ताची तपासणी असते, डॉक्टरांना तिचं विचारा. या गोळीची एक अडचण पुरुषांना कळत नाही. तालुक्याला एसटीनं जायचं, वाटेत संडास नाही, म्हणून बाई त्या दिवशी गोळीच घेत नाही. त्यापेक्षा प्रवासाच्या दिवशी ती किती वाजता घेऊ, हे डॉक्टरांना सरळ विचारा. लाजायचं काही कारण नाही, पुष्कळदा वेळ पुढंमागं करता येते. आणि जुलाब-उलट्या लागल्या किंवा उन्हात फार घाम गेला, तर त्याच दिवशी फोन करून विचारा. अशा वेळी नेहमीचाच डोस जड जाऊ शकतो.

मिठाचं थोडक्यात. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा, याच्या आत. ठेचा, लोणचं, पापड, खारे दाणे त्यातच धरायचे. उपवासाचं सैंधव हेही मीठच. दुकानात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं, त्यात बहुधा पोटॅशियम असतं. टेल्मीसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तर ते विचारल्याशिवाय घरात आणू नका. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी बीपी वाढवते, अंगात पाणी धरते. आमच्या मते निम्म्या गावाचं बीपी गुडघ्याच्या गोळीनं वर गेलं असेल.

आणि थकव्याचा सगळा दोष हृदयाच्या गोळीवर ढकलू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर हे बघून घ्या. रात्रीची झोप आणि मनावरचं ओझं यानंही माणूस थकतं. ज्यांचं पंपिंग कमी आहे त्यांनी रोज सकाळी वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं पडलं की दम लागला, तर वाट बघू नका.

कामाचं म्हणाल, तर आम्ही काम सोडलेलं नाही, त्याची मांडणी बदलली. एका दमात सहा हंडे भरायचो, ते आता तीन-तीन करतो, पोरगा असेल तर तो भरतो. खाली वाकून किंवा उकिडवं बसून उठताना आधी क्षणभर थांबायचं, काहीतरी धरायचं, मग उभं राहायचं. पहाटे आधी अंथरुणात उठून बसायचं, पाय खाली सोडायचे, मग चुलीकडं. एका सासूबाईंना हे पटायला दोन महिने लागले. आता त्या स्वतःच ओरडतात, "हळू उठ गं!"

छातीत दाब, जबडा-पाठ-हातात कळ, एकाएकी दम, घाम, उलटी, चक्कर येऊन शुद्ध जाणं, यातलं काही झालं तर १०८ ला फोन करा. बायकांना कधी कधी छातीत न दुखताच, नुसता दम आणि कमालीचा थकवा येऊन अटॅक येतो. पित्त समजून सोडा पीत बसू नका.

येत्या गुरुवारी सकाळी आठ ते दहा आम्ही मशीन घेऊन मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसणार आहोत. ज्या गोळ्या घेता त्यांची पाकिटं आणा, मेडिकलमधून आणलेल्यासुद्धा. वही नसेल तर आम्ही देऊ. सैल बाहीचं काहीतरी घाला, आणि येताना मिसरी लावू नका!